कॉस फायचा पाढा

सकाळी आमचा नळ आधी खाकरतो, मग चार शिंतोडे उडवतो आणि मग धार धरतो. सासूबाई होत्या तोवर नळ खाकरला की हातातलं काम थांबवून म्हणायच्या, "लावला बघ यांनी हात." पंपघरात मोटरचा खटका ओढायचं काम आमच्या मामंजींचं, आणि पंपघरापासून पहिली घरं आमची. त्यांनी खटका ओढला की शहरात सगळ्यात आधी आम्हाला कळायचं. सासूबाई गेल्या, पण नळ खाकरला की माझ्या कानात अजून तेच वाक्य येतं.

मी तंत्रविद्यालयात वीज शिकवते. एसी सर्किट हा माझा विषय, आणि फटकळपणा हा माझा स्वभाव. लग्नाआधीच मी तो सांगून टाकला होता, म्हणजे नंतर कुणी कुरकुरायला नको. मामंजी तेव्हा म्हणाले होते, बरं झालं, आमच्या घरात सगळे मुखदुर्बळ, एक तरी बोलणारं माणूस हवंच होतं. सासऱ्याचं आणि सुनेचं जमत नाही म्हणतात, आमचं पहिल्या दिवसापासून जमलं. नवऱ्याशी कमी आणि मामंजींशी जास्त बोलते, असं नवराच सांगत सुटायचा.

पंपघराची एक जुनी रीत आहे, ती आधी सांगायला हवी. तिथल्या प्रत्येक फिटरचा एक पितळी बिल्ला असतो, त्यावर त्याचा नंबर. मोटर उघडायच्या आधी फिटर त्या मोटरच्या खटक्याखाली असलेल्या हुकाला आपला बिल्ला अडकवतो. काम संपलं की त्यानंच तो काढायचा, दुसऱ्या कुणी बोट लावायचं नाही. हुकावर बिल्ला असेपर्यंत खटका ओढायचा नाही, मग वरून कुणाचाही फोन येवो. एकदा अर्धं शहर कोरडं पडलं होतं, मोठे साहेब स्वतः येऊन डोक्यावर उभे होते, आणि मामंजी हाताची घडी घालून बसून राहिले. बिल्लेवाला फिटर काम संपवून चहा प्यायला गेला होता आणि बिल्ला न्यायला विसरला होता. सगळ्यांना ते ठाऊक होतं. तरी त्याला शोधून आणून, त्याच्या हातानं बिल्ला काढून घेतल्यावरच मामंजींनी खटका ओढला. ही गोष्ट आमच्या घरात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकावी लागते.

तर अशा माणसाला एक दिवस कागद आला की यापुढे पॅनेलला हात लावणाऱ्या प्रत्येकानं लेखी परीक्षा पास व्हायची, नाहीतर फाटकावर बसायचं. पहिल्या खेपेला मामंजी नापास झाले. एकटेच नाही, पुष्कळ जण झाले, पण बाकीचे हसले आणि हे जेवले नाहीत. दुसरी खेप शेवटची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वही-पेन घेऊन बसले आणि मला म्हणाले, सूनबाई, शिकव.

बाकीचं त्यांना येत होतं. फ्यूज, अर्थिंग, मीटर वाचणं, सगळं चोख. एसी सर्किटमध्ये किती पॉवर खर्च होते ते काढा म्हटलं की मात्र घोडं पेंड खायचं. मोटरला दोनशे तीस व्होल्ट, दहा अँपिअर, कॉस फाय पाऊण, तर वॉट किती? मामंजी दोनशे तिसाला दहानं गुणायचे, तेवीसशे लिहायचे आणि पेनाला टोपण लावून मोकळे. कॉस फाय बिचारा कागदावर तसाच पडून राहायचा.

मी म्हटलं, थांबा. ओट्यावरचं लिंबू उचललं आणि त्यांच्यासमोर ठेवलं. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे या लिंबाचं वजन. वॉट म्हणजे रस. साल जाड असली तर वजन तेवढंच भरतं, रस कमी निघतो. वजनातला किती भाग रस, ते सांगणारा कॉस फाय. हीटर म्हणजे बिनसालीचं लिंबू, जेवढं घेईल त्या सगळ्याची उष्णता. मोटर तशी नाही. तिचा करंट व्होल्टेजच्या मागे रेंगाळतो, त्यामुळे घेतलेलं थोडं ती दर फेरीला तारेत परत पाठवते. मामंजींनी विचारलं, रेंगाळतो म्हणजे आपल्या चिरंजीवांसारखा, सकाळी सहा हाका मारल्यावर उठणारा? मी म्हटलं, अगदी तस्सा. मग त्यांनी तेच लिंबू हातात घेऊन मला सगळं परत समजावलं, माझ्यापेक्षा बरं समजावलं. मला वर्गात अशी पोरं मिळत नाहीत.

दुसऱ्या दिवशी तेच गणित घातलं. त्यांनी तेवीसशे लिहिलं आणि टोपण लावलं. मी म्हटलं, मामंजी, आणि लिंबू? त्यांनी ओट्याकडे बघितलं आणि म्हणाले, संपली का? येताना आणतो.

मी हसले. चेष्टा करायची त्यांना सवयच होती. संध्याकाळी कामावरून आले तेव्हा हातात लिंबांची पिशवी होती.

मी चिडले, खोटं कशाला सांगू. मला वाटलं, शिकायचं नाही म्हणून वेड पांघरून पेडगावला चाललेत. पुन्हा लिंबू, पुन्हा साल, पुन्हा रस, आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी पालथ्या घड्यावर पाणी. रोज त्यांना लिंबू नव्यानं कळायचं, रोज तेवढाच आनंद व्हायचा, आणि चिरंजीवांचा विनोद रोज जसाच्या तसा यायचा. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, विसरतात माणसं. तू नाही का चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधत? त्याचं औषधांचं दुकान आहे, दिवसभर लोकांना गोळ्या कधी घ्यायच्या ते समजावून सांगतो. मला वाटलं, असेल बाई, याला जास्त कळतं.

मग एकदा त्यांचं स्नान चाललं असताना मला आतून पाढे ऐकू आले. एकोणतीसचा पाढा, न अडखळता, चालीवर. त्यांना सगळे पाढे येत होते, पावकी, निमकी, पाऊणकीसुद्धा, लहानपणी घोटून घेतलेले. ते कुठेही गेलेले नव्हते. मी वर्गात घोकंपट्टी करणाऱ्यांना बाहेर काढते, तीच मी त्या दिवशी बसून एक चाल रचली. व्होल्टला अँपिअर, अँपिअरला फाय, तिघांचा गुणाकार, उत्तर काय. रोज सकाळी पाढ्यांच्या शेवटी ती म्हणायची. कळलं नाही तरी चालेल, म्हणायची.

आणि ती बसली. महिना उलटायच्या आत मामंजी गणित बघितलं की ओठ हलवायचे आणि हात आपोआप चालायचा. तेवीसशेचे पाऊण, सतराशे पंचवीस. मी आकडे बदलले, मोटरच्या जागी पंखा घातला, हीटर घातला, वेल्डिंगचं यंत्र घातलं. एकही उत्तर चुकलं नाही. लिंबाचं विचारलं तर मात्र माझ्या तोंडाकडे बघत राहायचे. मी विचारणं सोडून दिलं. उत्तर बरोबर येतंय ना, मग बास, असं मी स्वतःला म्हणाले. मी, जी पोरांना उत्तरासाठी अर्धेच गुण देते.

मग बिल्ला सापडला. धुवायला टाकलेल्या त्यांच्या गणवेशाचे खिसे चाचपत होते, त्यात हाताला लागला. पितळी, गोल, नंबरचा. खटकेवाल्याला बिल्ला नसतो, बिल्ला फक्त फिटरला. मी ओल्या हातानं तशीच बाहेर गेले आणि विचारलं, हा कुठला? त्यांनी उलटसुलट करून बघितला.

"हुकाला लटकत होता. पडेल म्हणून काढून ठेवला."

जमिनीवरचा चमचा उचलून ठेवल्यासारखं सांगितलं, आणि पुन्हा वर्तमानपत्र वाचू लागले. ज्या माणसानं साहेबाला डोक्यावर उभं ठेवलं होतं, तोच माणूस हे बोलत होता.

बिल्ला लंबूचा होता. लंबू म्हणजे पंपघरातला सगळ्यात उंच फिटर, मामंजींच्या हाताखाली शिकलेला, त्यांना काका म्हणणारा आणि मला वहिनी. मी डबा पोचवायच्या निमित्तानं गेले आणि त्याला बाजूला घेतलं. बिल्ला बघून त्याला केवढा आनंद झाला. म्हणाला, मोटरमध्ये कोपरापर्यंत हात घालून बसलो होतो, बाहेर येऊन बघतो तर हूक रिकामा. मला वाटलं मी अडकवायलाच विसरलो, तेव्हापासून स्वतःला शिव्या घालतोय. मी त्याला खरं काय ते सांगितलं. मी म्हटलं, यापुढे मोटर उघडण्याआधी फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवत जा, बिल्ल्यावर राहू नकोस. फ्यूज पॅनेलमध्येच असतात, मामंजींच्या खुर्चीसमोर.

"काकांच्या देखत फ्यूज काढून खिशात घालू?" तो म्हणाला. "वहिनी, त्यापेक्षा त्यांच्या थोबाडीत मारलेली बरी."

मी हात जोडले. बघतो म्हणाला. बघतो म्हणजे काय, ते मला नीट माहीत आहे, मीही प्राचार्यांना बघतेच म्हणते.

घरी येऊन नवऱ्याला बिल्ल्याचं सांगितलं. या वेळी त्यानं चष्म्याचं काढलं नाही. बराच वेळ नळाखाली हात धरून उभा राहिला, नळ बंद होता. मग म्हणाला, बाबांना आत्ता काही बोलू नकोस, परीक्षा होऊन जाऊ दे. आणि मला एकदम सुटल्यासारखं झालं, कारण परीक्षेतच उपाय होता. शिकवणं थांबवायचं, बस. मामंजी नापास होतील, फाटकावर बसतील, येणाऱ्या-जाणाऱ्यांना रामराम करतील, आणि आपल्याला काही बोलावंच लागणार नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशातून आयती वाट सापडली असं मला वाटलं. मी दुसऱ्या दिवसापासून सकाळी कामं काढू लागले. पेपर तपासायचेत, डोकं दुखतंय, आज लवकर जायचंय.

ते वही घेऊन टेबलाशी बसून राहायचे. चार दिवस असेच गेले. पाचव्या दिवशी मी चपला घालत होते तेव्हा उठून दाराशी आले.

"सूनबाई, तुला कळलंय ना?"

मी कशाबद्दल ते विचारलं नाही.

"माझं मलाही कळतं गं. काहीतरी गळतंय. वॉशर गेल्यासारखं." त्यांनी कपाळाला बोट लावलं. "पण गणित सुटतं. तू बघितलंस, सुटतं ना? पेपर पास झालो तर इतकं काही बिघडलेलं नाही, असंच ना? म्हणून म्हणतो, शिकव. मला बघायचंय."

मला वाटत होतं त्यांना खुर्ची हवी आहे. त्यांना खुर्ची नको होती. त्यांना कुणीतरी शिक्का मारून सांगायला हवं होतं की तुझं डोकं जागेवर आहे. तेव्हाच मी सांगायला हवं होतं की मामंजी, ते गणित तुम्हाला सुटत नाही, ती फक्त चाल आहे. तोंडापर्यंत आलं होतं. एवढी फटकळ मी, पण त्यांच्या तोंडाकडे बघून माझी जीभ उचलली नाही. चपला काढल्या आणि टेबलाशी बसले. मी म्हटलं, म्हणा. व्होल्टला अँपिअर, अँपिअरला फाय.

परीक्षा आमच्याच तंत्रविद्यालयात झाली. मला त्या हॉलवर नेमलं नव्हतं, पण मी व्हरांड्यातून दोनदा गेले. मामंजी खिडकीशी बसले होते. ओठ हलत होते. शेजारचा माणूस त्यांच्याकडे आशेनं बघत होता.

पास झाले. नुसते पास नाही, पॉवरच्या प्रश्नाला पैकीच्या पैकी. पंपघरात पेढे वाटल्यासारखी धांदल, साहेबांनी पाठ थोपटली, आणि घरी येऊन मामंजी माझ्या पाया पडायला वाकले. मी मागे सरले तर हसून म्हणाले, गुरू आहेस, पडू दे. नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं आणि आत निघून गेला. त्या रात्री मामंजी पोटभर जेवले आणि मी माझं ताट तसंच उचललं.

मग मी साहेबांकडे गेले. आपलेच दात, आपलेच ओठ, तरी गेले. सगळं सांगितलं, लिंबं, बिल्ला, पाढा. साहेब वाईट माणूस नाही. त्यांनी मला पाणी दिलं, ऐकून घेतलं आणि मग फाइलीतून निकालाचा कागद काढून माझ्यापुढे ठेवला.

"बाई, यावर शिक्का तुमच्या संस्थेचा आहे. शिकवलंय तुम्ही. आता तुम्हीच म्हणताय त्यांना काही कळत नाही. मी वर काय लिहू?"

मी म्हटलं, निदान खटक्यांना कुलपं लावा, फिटरच्या खिशात किल्ली राहील अशी. ते म्हणाले, मागणी पाठवतो, मंजूर व्हायला वेळ लागतो. डॉक्टरांचा कागद आणा, मी उद्याच्या उद्या त्यांना सन्मानानं दुसरीकडे बसवतो. तेही बरोबरच होतं. मी विद्यार्थ्यांना हेच सांगते, पुराव्याशिवाय बोलू नका.

नवऱ्यानं त्या दिवशी पहिल्यांदा वडिलांसमोर डॉक्टरांचं नाव काढलं. मामंजी रागावले नाहीत. आत गेले, निकालाचा कागद घेऊन आले आणि मुलाच्या हातात दिला. म्हणाले, हा काय आहे मग? वाच. नवऱ्यानं वाचला. मामंजींनी कागद परत घेतला, नीट घडी घातली आणि खिशात ठेवला. बिल्ला सापडला होता, त्याच खिशात. आम्ही अजूनही रोज विषय काढतो, रोज तो कागद बाहेर येतो.

आज सकाळी मामंजी नेहमीसारखे निघाले. दारात थांबून म्हणाले, आज लंबू एक नंबरची मोटर उघडणार आहे, दोन नंबरवर चालवायचंय. माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं, दोन नंबर, दोन नंबर. मग पाढ्याच्या चालीवर ते म्हणत जिना उतरले. मी लंबूला फोन केला. त्यानं उचलला नाही, कामावर असताना ते फोन कपाटात ठेवतात. नवरा म्हणाला, मी जातो, आणि सायकल काढून गेला.

मी ओट्याशी उभी आहे. मामंजींना मी शिकवलं होतं की मोटर घेतलेलं थोडं परत देते आणि हीटर काही परत देत नाही. एक गोष्ट मी त्यांना शिकवली नव्हती, वर्गातही फार सांगत नाही. माणसाचा हात सर्किटमध्ये आला की तो जवळजवळ हीटरसारखाच. कॉस फाय एक. परत काही येत नाही. हे गणित मला उभ्या-उभ्या तोंडी करता येतं आणि दुसरं काहीही करता येत नाही.

पाणी एक नंबरचं असो की दोन नंबरचं, नळाला सारखंच.

नळ खाकरला. चार शिंतोडे उडाले. लावला बघ यांनी हात.

मग धार धरली. मी नळ तसाच सोडून खिडकीशी गेले आणि पंपघराच्या रस्त्याकडे बघत राहिले.